आत्ती, तुमच्या बरण्या

आत्ती,

काल तुमचं बारावं झालं. आज सकाळी तुमच्या लेकानं यंत्रमाग सुरू केले आणि तुमच्या खोलीतल्या फळ्यांवरच्या बरण्या नेहमीसारख्या किणकिणायला लागल्या. मी चहा गाळत होते. सवयीनं हाक मारणार होते, “आत्ती, तुमच्या बाया बोलायला लागल्या बघा.” हाक तोंडातच राहिली. विलासनी एकदा आत डोकावून बघितलं, मग पुन्हा मागाकडं गेले.

घरात पाहुणे होते तोवर बरं होतं. कुणी ना कुणी चहा मागत होतं, कुणाला अंघोळीला पाणी पाहिजे होतं, वाढताना पंगत मोजायची होती. पण येणारी प्रत्येक बाई तुमच्या खोलीच्या दारात थबकायची, वर बघायची आणि मला विचारायची, “शैला, आता ह्याचं काय करणार गं?” विलासना कुणी विचारलं नाही. त्यांच्यासमोर विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. निपाणीच्या वन्सं तर तुमच्या पोटच्या लेकीच, त्यांनीही मलाच विचारलं. म्हणजे तुमच्या-माझ्यात इतकी वर्षं चाललेलं भांडण सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं. फक्त ते अर्धं टाकून तुम्ही उठून गेलात, एवढंच नवीन.

तुम्हाला आठवतं का, मी ह्या घरात पहिल्या सकाळी उठले तेव्हा काय झालं ते? बोरगावात आमच्या घरापुढं तंबाखू वाळत घालायचं मोठं खळं. उघड्यावर वाढलेली मी. वडगावात आले ती अशा घरात, जिथं पुढच्या अर्ध्या भागात माग, मधे स्वयंपाकघर, त्याला लागून दोन खोल्या आणि शेवटी पडवी. सकाळी कॉटवरून पाय खाली सोडला तर पायाला काहीतरी गार लागलं. वाकून बघितलं. कॉटखाली चिनी मातीच्या बरण्या ओळीनं बसलेल्या, खाली पिवळट पांढऱ्या, गळ्याशी तपकिरी. मला वाटलं लग्नासाठी घातलेलं लोणचं असेल. एकीचं झाकण काढलं, रिकामी. दुसरी काढली, तीही रिकामी. तिसरीत तर खाली नुसतं एक वाळकं पान पडलेलं.

न्याहारीला बसले तेव्हा मी भीत भीत म्हटलं, “आत्ती, कॉटखालच्या बरण्या रिकाम्याच आहेत सगळ्या.”

तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत म्हणालात, “व्हय. रिकाम्याच असतात त्या.”

एवढंच. मी त्या दिवशी आईला फोनवर सांगितलं, “माणसं चांगली आहेत. बरण्या लई आहेत.” आई कितीतरी वेळ हसत होती.

मग कळत गेलं, कॉटखाली होत्या त्या नुसत्या सुरुवातीच्या. पडवीत एकीवर एक चढवलेल्या होत्या, तुमच्या खोलीत उशाला होत्या, देवघराखालच्या कोनाड्यात तीन लहान होत्या, आणि न्हाणीघराच्या भिंतीवर एक कानतुटकी उन्हात बसलेली असायची. माझ्या माहेरच्या ट्रंकेला जागा मिळायला दिवाळी उजाडली. शाळेत नोकरी लागल्यावर मी पुस्तकांसाठी एक कपाट आणलं, तर दुसऱ्या दिवशी त्या कपाटावर बरणी. मी ती उतरवून खाली ठेवायची, संध्याकाळी शाळेतून येईतो ती पुन्हा वर. असं पंधरवडाभर चाललं असेल. शेवटी मीच थकले. मग मीच त्या बरणीत खडू ठेवायला लागले, आणि तुम्ही खडू काढून माझ्या टेबलावर ठेवायला लागलात.

“त्यात काही ठेवलं तर काय बिघडतं, आत्ती?”

“ठेवलं की ती खडूची बरणी झाली.”

“मग होऊ दे की.”

“मग बरणी कुठं गेली?”



वीज नसायची त्या दिवशी माग बंद. गल्लीत शांतता. तो तुमचा बरण्यांचा दिवस. एकेक करून सगळ्या मागच्या दारात काढायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायच्या, बोटाच्या पेरानं पोटावर टकटक करून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजली तर तुम्ही मान हलवायच्या. बद्द वाजली तर तडा कुठं गेलाय ते उन्हात फिरवून शोधायच्या आणि ती बाजूला काढून तिला भिंतीकडं तोंड करून ठेवायच्या नाहीत, तर उलट पुढच्या ओळीत ठेवायच्या. “तिला मागं ढकललं की वाईट वाटतं,” म्हणायचात. मग शेवटी झाकण काढून नाक आत. कितीही धुतली तरी बरणी आपला वास सोडत नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. ही लिंबाची, ही मिठाची, ही कुणाच्या तरी घरच्या तुपाची. एकदा माझ्या हातात एक देऊन म्हणालात, “सांग बघू.” मी म्हटलं, चिंच. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की शाळा तपासायला आलेल्या साहेबानंही कधी बघितलं नाही. संध्याकाळी गल्लीत चार ठिकाणी तुम्ही सांगितलंत, “आमच्या शैलानं चिंच वळखली.”

त्या येत कशा होत्या, हे मला आधी कोडंच होतं. मग एकदा बघितलं. कुणाचं घर पाडून नवं बांधायचं निघालं, कुणाच्या घरी फ्रीज आला, प्लॅस्टिकचे डबे आले, की तुम्ही तिथं हजर. मागायचं मात्र कधीच नाही. त्यांच्या घरातलं सामान हलवायला हात लावायचा, भांडी घासून द्यायची, पोरं सांभाळायची. निघताना ती बाईच म्हणायची, “आक्का, ही घेऊन जावा की, कुठं टाकू मी.” मग तुम्ही ती जुन्या लुगड्यात गुंडाळायच्या. निपाणीहून वन्संकडून येताना एकदा बसमध्ये तुम्ही मांडीवर बरणी घेऊन बसला होता. कंडक्टरनं विचारलं, “आज्जी, लोणचं काय?” तुम्ही म्हणालात, “न्हाय, काय न्हाय.” त्याला खरं वाटेना. त्यानं झाकण उचलून आत बघितलं आणि शेजारच्या माणसालाही बघायला लावलं. तुम्हाला त्याचा राग आला नाही. तुम्ही म्हणालात, “बघू दे की. बघायलाच हाय ती.”

मी कितीदा विचारलं असेल, बरण्याच का म्हणून. दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणायच्या, उन्हाळ्यात हात लावला की गार लागतं. कधी म्हणायच्या, तुला काय करायचंय. एकदा मात्र दुपारी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तुम्ही खरं सांगितलंत, असं मला वाटतं. मी परीक्षेचे पेपर तपासत होते, तुमचं चाक फिरत होतं, पुढं माग चालू होते. तुम्ही समोरच्या बरणीकडं बघून म्हणालात, “बसलेल्या बाईवानी दिसती बघ. ह्या घरात बाईमाणूस कवा बसलेलं दिसत न्हाय. तू न्हाय, मी न्हाय, माझी सासू बी नव्हती. म्हटलं, ह्या तरी बसू देत.”

त्या दिवसापासून मी त्यांना तुमच्या बाया म्हणायला लागले.

आणि गुंजीचा तो दिवस. गल्लीतल्या गंगव्वाच्या कुणा नात्यातल्या बाईनं सांगितलं होतं की गुंजीत एका म्हातारीकडं कमरेएवढी बरणी आहे, पानांची नक्षी असलेली. तुम्ही ते ऐकलंत आणि तुम्हाला घास गोड लागेना. मी शाळेतून रजा घेतली, आपण दोघी पॅसेंजरनं निघालो. खानापूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना झाडी दाट होत गेली आणि तुम्ही खिडकीतून एकदाही तोंड आत घेतलं नाही. स्टेशनापासून विचारत विचारत घर सापडलं. म्हातारीचं नाव विठाबाई. तिनं आपल्याला आतल्या खोलीत नेलं. बरणी खरंच तशी होती. तिनं तोंडावरचा फडक्याचा दादरा सोडला आणि खोलीभर कैरीच्या लोणच्याचा वास पसरला.

तुम्ही पुढं झालात आणि बरणीच्या पोटावर तळहात ठेवून उभ्या राहिलात. मी वाट बघत होते, आता तुम्ही विषय काढणार. तुम्ही विचारलंत, “हिंग खडा वापरता का पूड?” मग मोहरी लाल का काळी, मीठ किती, फोडी कशानं फोडता. तासभर तेच. विठाबाईनं आपल्याला जेवायला बसवलं. भात, कुळथाचं पिठलं आणि त्याच बरणीतलं लोणचं. जेवताना तीच म्हणाली, “माझ्या माघारी सुना टाकूनच देणार हाईत ही. न्या तुम्ही. लोणचं मी डब्यात काढतो.”

तुम्ही म्हणालात, “न्हाय वैनी. नांदती हाय ती. नांदू दे.”

परतीच्या गाडीत मी धुमसत होते. सगळा दिवस गेला होता, रजा गेली होती. तुम्ही पानाच्या द्रोणातली करवंदं एकेक करून खात होता.

“घ्यायची नव्हती तर मग गेलो कशाला आपण?”

“बघायला.”

“ती स्वतःहून देत होती, आत्ती.”

“सगळंच घरात आणलं तर बघायला जायचं कुठं?” तुम्ही म्हणालात आणि द्रोण माझ्यापुढं केलात. मी रागातच करवंदं खाल्ली. चांगली होती.

आता मागाबद्दल बोलते. ते आपल्यात कधी नीट बोलून झालं नाही.

विलासना आणखी एक माग घालायचा होता. जुना, चांगल्या अवस्थेतला माग मिळत होता. काम होतं, जागा नव्हती. जागा फक्त पडवीत होती आणि पडवीत बरण्या होत्या. चार दिवस ते तुमच्याशी बोलायचं धाडस करत होते. जेवताना तोंड उघडायचे आणि पाणी मागायचे. शेवटी मीच बोलले. मी म्हटलं, “आत्ती, माणसांना जागा लागते.”

“मी कुठं न्हाय म्हणतो?”

“मग बरण्या पोत्यात भुसा घालून बांधू या आणि माळ्यावर ठेवू.”

तुम्ही म्हणालात, “माळ्यावर टाकायच्या तर आणल्या कशाला? ते जमवणं न्हवं, ते पुरणं.”

मग आपलं जुंपलं. मी म्हटलं, जमवणाऱ्यानं घर किती आहे ते बघून जमवावं. तुम्ही म्हणालात, मग देवळंच बांधायला नकोत गावात, जागा कुठं हाय. त्याचा इथं काय संबंध, असं मी विचारलं. तुम्हालाही तो माहीत नव्हता. माझं म्हणणं मला अजूनही पटतं, आत्ती. त्या मागानं घर सावरलं, तुमची नात श्रेया शिकली. आज पुन्हा तो प्रसंग आला तर मी तेच बोलेन. पण तुम्ही त्यावर जे केलंत, ते मला कधीच सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काखेत एक बरणी घेऊन समोर गंगव्वाकडं गेलात. तिचं घर आपल्याहून लहान, त्यात नातवाचा पाळणा टांगलेला. ती दोन्ही हात वर करून “बेडा आक्का, बेडा”, नको नको, म्हणत होती, आणि म्हणता म्हणता तिनं टीव्हीशेजारची जागा रिकामी केली. आठवडाभरात तुमच्या बरण्या सगळ्या गल्लीत पसरल्या. किराणा दुकानाच्या काउंटरवर एक, शिंप्याच्या खिडकीत एक, कुणाच्या जिन्याच्या पायरीवर दोन. अट एकच, आत काही भरायचं नाही. पडवी मोकळी झाली, माग आला. आणि दुपारी कांड्या भरून झाल्या की तुम्ही पदर खोचून निघायला लागलात. “मी बघून येतो.” ह्या घरी चहा, त्या घरी खोबऱ्याची वडी. विलास म्हणायचे, “आईच्या बरण्या बाहेर गेल्या, मागोमाग आईबी गेली.”

मला हवी होती ती जागा मिळाली होती. तरी शाळेतून आल्यावर पडवीत गेले की करमत नसे. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, विलासना सांगितलं. त्यांनी पुढच्या रविवारी फळ्या आणल्या, तुमच्या खोलीच्या भिंतीला चारी बाजूंनी ठोकल्या, मागांच्या हादऱ्यानं बरण्या सरकू नयेत म्हणून पुढं आडवी पट्टी मारली, मधे सुताचा गुंता दाबून भरला. दुसऱ्या दिवशी तुमच्या आवडीच्या तेवढ्या घरी परत आल्या आणि बाकीच्या गल्लीतच राहिल्या. तुम्हाला आता फिरायची सवय लागली होती.

दवाखान्यातली ती दुपार. तुम्हाला धाप लागत होती, पण त्या दिवशी जरा बरं वाटत होतं. मी मोसंबं सोलत होते. तुम्ही म्हणालात, “शैला, माझ्या माघारी त्या बरण्यांचं…”

“कशाला आत्ता तो विषय?”

“आत्ता न्हाय तर कवा? ऐक की. मान म्हणून एक बी ठेवू नको. सासूची आठवण म्हणून तर नकोच नको. आवडली ती ठेव. न्हाय आवडली ती देऊन टाक.”

“मला सगळ्याच आवडतात.”

“खोटं. ती वाकडी तुला कवाच आवडली न्हाय.”

वाकडी म्हणजे खानापूरकडच्या भट्टीत भाजताना एका बाजूला बसलेली. तुम्हाला ती सगळ्यांत लाडकी. मी मोसंबं सोलत राहिले. मग म्हटलं, “नाही आवडत. पडेल पडेल असं वाटत राहतं.”

“आत्ता कसं,” तुम्ही म्हणालात आणि इतक्या हसलात की खोकला आला, मग नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं. मला तुम्हाला आणखी एक सांगायचं होतं. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तुम्ही बोलण्यासारख्या नव्हता.

बाराव्याच्या आधी गल्लीतल्या बाया येऊन विचारून गेल्या, आक्काच्या बरण्या आणून देऊ का. गंगव्वा तर विचारायला न थांबता पदरात गुंडाळून तिची बरणी घेऊनच आली. खाली ठेवली, आणि उठेना. म्हणाली, “आक्काचा बरणी हाय, तुमचा हाय. पण टीव्हीजवळ आता मोकळा दिसतंय बघ.” मी ती बरणी पुन्हा तिच्या पदरात ठेवली. तिनं डोळे पुसले आणि मागं वळून न बघता रस्ता ओलांडला, मी विचार बदलेन की काय असं वाटून.

आज शाळेला सुट्टी टाकली. दुपारी तुमच्या फळ्यांवरच्या सगळ्या बरण्या खाली काढल्या आणि तुम्ही सांगितलं होतं तसं केलं. एकेकीला हात लावून स्वतःला विचारलं, तुला आवडते का? लेबलासारखं मनात तुमचं नाव यायचं, ते बाजूला सारून पुन्हा विचारायचं. सोपं नव्हतं. देवघराखालच्या तीन लहान मी ठेवल्या. चिंचेची ठेवली. एक उंच, नुसती पांढरी ठेवली, जिच्याकडं तुमचं फारसं लक्ष नसायचं. मला ती पहिल्यापासून आवडायची, आणि हे मला आजच कळलं. श्रेयानं तिच्या दोन निवडल्या. बाकीच्या गल्लीत जातील, ज्यांना बघायला पाहिजेत त्यांच्याकडं.

वाकडीचं काय करावं ते कळत नव्हतं. वन्सं दारात उभ्या होत्या, निपाणीची गाडी गाठायची म्हणून पिशव्या भरून. जन्मभर त्यांनी तुम्हाला ह्या बरण्यांवरून हिणवलं. त्या म्हणाल्या, “ती कुणी नेणार न्हाय.” मी म्हटलं, “नाही.” मग पिशवीतलं एक लुगडं काढून त्यांनी ती गुंडाळायला घेतली. मी दुसरं टोक धरलं. बसमध्ये त्यांनी ती मांडीवर घेतली असेल की पायाशी ठेवली असेल, मला माहीत नाही.

आता घर शांत आहे. विलासनी माग लवकर बंद केले.

ह्या दिवसांत सगळ्यांनी मला एकच सांगितलं. सासूचं चांगलं केलंस. मान राखलास. सुनेचं कर्तव्य पार पाडलंस. मी मान हलवत राहिले, कारण आलेल्या माणसाशी वाद घालत नाहीत. पण दवाखान्यात जे सांगायचं राहून गेलं ते हेच होतं, आत्ती. मान द्यायचाच होता, तो रीतीप्रमाणे दिला. त्याशिवाय तुम्ही मला आवडत होता. तुम्ही माझ्या सासू नसता, समोरच्या घरातली कुणी बाई असता, तरी शाळा सुटल्यावर मी रोज आधी तुमच्याकडं आले असते.